पुढारी दोन झाले, गाव एकच राहू द्या

(तालुका कार्यकर्ता शिबिरात आम्हा तरुण कार्यकर्त्यांच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावात हे पत्रक पोचेल तिथं वाचता येणाऱ्यानं रात्री सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज आमच्या वाट्याला जो विषय आला आहे तो बोलायला अवघड आहे. जंगलखात्याविरुद्ध बोलायचं असतं तर सोपं होतं. नाकेदारानं काय केलं, रेंजरनं काय केलं, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला अंगावरच्या वळांनी माहीत आहे. आज आपल्याच माणसांबद्दल बोलायचं आहे. ज्या पक्षाचा झेंडा घेऊन आपण तहसीलीवर मोर्चे नेले, ज्याच्या नावानं जेलात गेलो, त्या पक्षात आपल्या भागात दोन गट पडले आहेत. पक्षाचं नाव आम्ही इथं घेत नाही, पुढाऱ्यांचंही घेत नाही. एक तर ती तुम्हाला ठाऊक आहेत. दुसरं असं, की दोन्हीकडं आपल्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून आलेली माणसं आहेत. त्यांची निंदा करायला आपण जमलेलो नाही.

काय चाललंय ते एकदा सरळ मांडू. एका गटाची माणसं गावात येतात आणि सांगतात, नवं पावतीबुक आलंय, यावर अंगठा द्या, जुनं सभासदपण रद्द झालं. आठ दिवसांनी दुसऱ्या गटाची माणसं येतात आणि सांगतात, जुनीच पावती खरी, नवीवर अंगठा देईल तो फितूर. एका घरात थोरला भाऊ इकडं आणि धाकटा तिकडं झाला आहे. एका गावात तर लग्नाच्या पंगती वेगळ्या बसल्या. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की तालुक्याच्या कचेरीला एका गटानं कुलूप ठोकलं, त्याच्यावर दुसऱ्या गटानं आपलं कुलूप ठोकलं. आत एक लोखंडी पेटी आहे. त्या पेटीत आपली कागदं आहेत.

कोणती कागदं, हे सगळ्यांना नीट समजायला पाहिजे. 1978 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं ठराव काढला, की 31 मार्च 1978 ला ज्या गरिबांच्या ताब्यात जंगलजमीन होती आणि जे अटींत बसतात त्यांचं अतिक्रमण नियमित करायचं. पुढं 1980 साली दिल्लीनं वनसंवर्धनाचा कायदा केला. आता जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते, असं साहेब लोक आपल्याला ऐकवतात. म्हणजे दार अर्धं उघडलं आणि पुन्हा ओढून घेतलं. त्या फटीतून आत शिरायचं तर पुरावा पाहिजे. तुम्ही 78 च्या आधी कसत होता, दाखवा. सातबारा आपल्या नावाचा नाही. पीकपाहणीत तलाठ्यानं आपलं नाव लिहिलं नाही. मग आपल्याजवळ उरतं काय? दंडाची पावती. नाकेदारानं ज्या पावतीनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं, कोंबडं नेलं, वर पैसे घेतले, तीच पावती आज सांगते की हा माणूस त्या साली त्या जमिनीवर नांगर धरून उभा होता. आपल्या आयांनी त्या पावत्या गाडग्यात, आढ्याला, देव्हाऱ्यामागं जपल्या. आपण त्या गोळा केल्या, अर्ज लावायचा म्हणून कचेरीत नेऊन दिल्या. आज त्या दोन कुलपांच्या आत आहेत.

म्हणून आम्ही म्हणतो, हे भांडण पुढाऱ्यांचं असलं तरी त्यात आपली जमीन अडकली आहे. त्याकडं पाठ करून बसता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यानं हे आधीही पाहिलं आहे

कुणी म्हणेल, आमच्याच वाट्याला असं काहून आलं? गरिबांच्या पक्षांत फूट पडते हे काही नवं नाही. शेतकरी कामगार पक्षाचीच गोष्ट घ्या. परभणी जिल्ह्यात एके काळी शेकाप हे नाव लहान पोरालाही ठाऊक होतं. पण तो पक्ष कसा झाला, कसा फुटला, हे जुन्या माणसांखेरीज कुणी सांगत नाही. आम्ही विचारून-वाचून जेवढं गोळा केलं तेवढं सांगतो.

इंग्रज जायच्या वेळेला काँग्रेसमधल्याच काही पुढाऱ्यांना वाटायला लागलं की स्वराज्य येतंय खरं, पण ते शेतकऱ्याच्या दारात येत नाही, शेठजीच्या दारात चाललंय. केशवराव जेधे, शंकरराव मोरे हे त्यांतले मोठे. त्यांनी 1947 साली काँग्रेसच्या आत राहूनच शेतकरी-कामगारांची वेगळी फळी उभी केली. काँग्रेसनं सांगितलं, पक्षात दुसरा पक्ष चालायचा नाही. मग 1948 साली ते बाहेर पडले. म्हणजे हा पक्ष जन्मला तोच फुटीतून. त्या फुटीला आम्ही वाईट म्हणणार नाही. भांडण कशाचं होतं ते उघड होतं, लोकांपुढं मांडलं होतं, आणि लोकांना कोणती बाजू घ्यायची ते समजत होतं.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. त्यानंतर 1952 ला पहिली निवडणूक झाली. देशात जिकडंतिकडं काँग्रेस निवडून येत होती, आणि परभणीनं मात्र लोकसभेवर शेकापचे नारायणराव वाघमारे पाठवले. हा आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे, तो विसरायचा नाही.

पण याच काळात आत काय चाललं होतं बघा. 1950 साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या दाभाडी गावी पक्षाचं अधिवेशन झालं. तिथं पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद मान्य केला. दाभाडी प्रबंध म्हणतात तो हाच. कागदावर सगळे एक झाले. पण त्या वाटेनं किती जायचं, कम्युनिस्टांशी कसं वागायचं, पक्ष कुणाच्या हाती ठेवायचा, यावरून वाद पेटला. क्रांतिसिंह नाना पाटील आणि दत्ता देशमुख बाहेर पडले, त्यांनी कामगार किसान पक्ष केला. पुढं नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. दत्ता देशमुख लाल निशाणात दिसले. आणि 1954 साली काय झालं? खुद्द केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परत गेले. शंकरराव मोरेही परतले. ज्यांनी पक्ष काढला त्यांनीच सहा-सात वर्षांत तो सोडला.

पुण्यातल्या हुशार लोकांना वाटलं असेल, आता हा पक्ष संपला. तो संपला नाही. 1957 च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, त्याचे 31 आमदार निवडून आले. हे कसं झालं? आमची समजूत अशी आहे, की वरचे पुढारी गेले तरी खाली तालुक्या-तालुक्यात, कुलाब्यात, सोलापुराकडं, आपल्या मराठवाड्यात माणसं जागच्या जागी होती. उस्मानाबादेकडं भाई उद्धवराव पाटलांसारखे लोक होते. पुढारी निघून गेला तेव्हा गाव त्याच्यामागं निघून गेलं नाही. लोकांना आपला प्रश्न ठाऊक होता आणि तो सुटलेला नव्हता.

नाना पाटलांकडं बघा. त्यांचे पक्ष बदलले, पण सत्तेच्या खुर्चीकडं गेलेल्यांतले ते नव्हते. 1957 ला साताऱ्यानं त्यांना लोकसभेवर धाडलं आणि 1967 ला आपल्या शेजारच्या बीडनं धाडलं. दोन्ही वेळा कम्युनिस्ट पक्षाकडून. म्हणजे पक्ष सोडणारे सगळे एका मापाचे नसतात. कुणी गरिबाच्या आणखी जवळ जायला बाहेर पडतो, कुणी गरिबापासून दूर जायला. झेंडा बदलला एवढ्यावरून ते ओळखता येत नाही. तो बदलल्यावर पाय कुणाच्या वाड्यात शिरतात ते बघावं लागतं.

1960 ला महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं. बेरीज म्हणजे विरोधी पक्षातला कामाचा माणूस आपल्याकडं ओढून घेणं. कुणाला कारखाना दिसला, कुणाला जिल्हा परिषद दिसली. शेकापचे 31 होते ते 1962 ला 15 झाले, 1967 ला 19, आणि 1972 ला 7. या गळतीत दाभाडीसारखा वाद कुणी घातला नाही, प्रबंध कुणी लिहिला नाही. माणसं गुपचूप गेली. आम्हाला विचाराल तर वाद घालून फुटलेल्यांपेक्षा हे गुपचूप जाणं जास्त घातक ठरलं. वादातून गावाला निदान काही शिकता येतं.

मग आणीबाणी आली आणि गेली. 1977 ला शेकापचे पाच खासदार निवडून आले. त्यांतले तीन आपल्या मराठवाड्याचे होते: परभणीतून शेषराव देशमुख, नांदेडातून केशवराव धोंडगे, लातुरातून उद्धवराव पाटील. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात शेकापला मंत्रिपदंही मिळाली. 1980 च्या फेब्रुवारीत दिल्लीनं ते सरकार बरखास्त केलं. आणि 1986 च्या डिसेंबरात औरंगाबादेत काय झालं ते बघा. ज्या पवारांच्या भरवशावर सगळे विरोधी पक्ष एका मांडवात बसले होते, ते पवार राजीव गांधींच्या समोर काँग्रेसमध्ये परत गेले. मांडव तिथंच राहिला, यजमान उठून गेला.

या भांडणांत आपला प्रश्न कुठं होता?

आता आम्ही एक कडू गोष्ट बोलतो. शेकापनं कुळांसाठी काम केलं, लेव्हीविरुद्ध लढा दिला, शेतमालाच्या भावासाठी लढा दिला. ते आपण मान्य करतो. पण इतक्या वेळा तो पक्ष फुटला, जुळला, तेव्हा एकदा तरी भांडण असं झालं का, की कळमनुरीच्या डोंगरातल्या आंधाची जंगलजमीन त्याच्या नावावर करायची की नाही? गायरान कसणाऱ्या बौद्ध-मांग भावांना पट्टा द्यायचा की नाही? आम्हाला तरी तसं ऐकिवात नाही. भांडायला लागणारी माणसं बहुतेक जमीनवाली होती. आपण मोर्चात मागं होतो, सतरंज्या उचलायला होतो, घोषणा द्यायला होतो. ठराव लिहिताना आपण नव्हतो. ज्या घराच्या वाटणीत आपलं नाव नाही, त्या घराच्या वाटणीवरून आपण डोकी फोडून घ्यायची का?

आज आपल्या दोन गटांच्या भांडणात आपला प्रश्न आहे का, हे आम्ही दोन्हीकडं जाऊन विचारलं. एकीकडं सांगितलं, जिल्हा कमिटीवर आमचा माणूस घेतला नाही. दुसरीकडं सांगितलं, त्यांनी हिशेब दिला नाही, वर जाऊन परस्पर तिकिटाचं ठरवलं. दोन्ही तक्रारी खऱ्या असतील. हिशेब मागणं तर योग्यच आहे. पण दंडाच्या पावत्यांचं नाव कुणीच आपणहून काढलं नाही. आम्ही काढलं तेव्हा दोघांनीही एकच उत्तर दिलं: आधी तुम्ही आमच्या बाजूला या, मग पेटी उघडू.

ठाण्याचे वारली काय शिकवतात

आता आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट सांगतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात वारली आदिवासी राहत होते. त्यांच्यावर सावकार-जमीनदारांची वेठ होती, लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं जन्मभर गडी. 1945 च्या 23 मे रोजी झरी गावात त्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ बंद करायचा निर्धार झाला. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच साली 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच आदिवासी पडले. तरी वेठ मोडली. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ज्याला मिळेल त्यानं वाचावं आणि गावाला वाचून दाखवावं.

आता पुढचं ऐका. 1964 साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. चीन आणि रशियाचा वाद होता, काँग्रेसशी कसं वागायचं हा वाद होता, आणि पक्षाचे मोठे पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांच्याविषयीचा वाद होता. एप्रिलमध्ये राष्ट्रीय कौन्सिलच्या बैठकीतून 32 जण उठून बाहेर आले आणि वर्षाच्या अखेरीला कलकत्त्याला मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला. परुळेकर मार्क्सवादी पक्षाकडं गेले. शामरावांना सरकारनं तुरुंगात टाकलं होतं, आणि 1965 च्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगातच वारले.

विचार करा. पक्ष फुटलेला, एक पुढारी गेलेला. दुसरी जागा असती तर लोक पांगले असते. तिथं लाल बावटा खाली आला नाही. 1977 साली डहाणूतून लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्ते मार्क्सवादी पक्षाकडून लोकसभेवर निवडून गेले. याचं कारण आम्हाला असं दिसतं, की बाहेरून आलेली माणसं तिथं नुसती भाषणं करून गेली नाहीत. पाड्यापाड्यावर राहिली, आदिवासी पोरांतून कार्यकर्ते तयार केले. बैठक कशी घ्यायची, अर्ज कसा लिहायचा, हे पाड्यालाच येऊ लागलं. ज्या पाड्याला स्वतःची बैठक घेता येते तो मुंबई-कलकत्त्यातल्या बैठकीच्या निकालाची वाट बघत बसत नाही.

आणि डांग्यांचं पुढं काय झालं? ज्यांच्या नावानं 1964 ला भाऊ भावापासून तुटला, त्या डांग्यांना 1981 साली त्यांच्याच पक्षानं काढून टाकलं. सतरा वर्षांपूर्वी ज्यानं डांग्यांसाठी शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यानं 81 ला कुणाशी बोलावं? पुढाऱ्यांची भांडणं अशी फिरतात. आज ज्याच्या नावानं तुम्ही भावाची पंगत सोडली, तो पाच वर्षांनी कुणाबरोबर बसलेला असेल हे तुम्हाला सांगता येईल का?

एकी कशानं झाली

फुटलेले पक्ष एकत्र येतच नाहीत असंही नाही. 1972 चा दुष्काळ आठवा. आम्ही तेव्हा लहान लेकरं होतो. आमच्या आया खडी फोडायला जायच्या, नालाबंडिंगला जायच्या. मिलोची लाल भाकर खायची, सुकडी मिळाली तर लेकरांना द्यायची. त्या वेळेला शेकाप, लाल निशाण, दोन्ही कम्युनिस्ट, समाजवादी, हे एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष दुष्काळी कामाच्या मागणीसाठी एकत्र उभे राहिले. कारण खडीवर बसलेली बाई शेकापची की लाल निशाणाची, असं मुकादम विचारत नव्हता, तो सगळ्यांचीच हजेरी कापत होता. खाली लोक एका जागी, एका मागणीवर बसले होते म्हणून वरच्यांना यावं लागलं. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. 1977 ला तो मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. लोकांना तहसीलदाराकडं काम मागता येऊ लागलं ते त्या एकीच्या जोरावर.

उलटी बाजूही बघा. आपल्या फुटीवर सध्या कोण खूश आहे? जंगलाचा ठेकेदार खूश आहे. सावकार खूश आहे. गेल्या महिन्यात एका गावात नाकेदार आला, औत सोडून घेतलं आणि विचारलं, तुम्ही कोणत्या गटाचे? एक नाव सांगितलं तर म्हणाला, जा, त्यांनाच बोलवा. दुसरं नाव सांगितलं असतं तरी हेच म्हणाला असता. मागं तो असं विचारत नव्हता. मागं सगळं गाव औताभोवती उभं राहायचं आणि तो सायकल फिरवून परत जायचा.

मग पक्षच नको का?

काही तरुण पोरं म्हणतात, झंझट नको, पक्षच नको, आपली आपण संघटना चालवू. आम्हाला हे पटत नाही. जंगल कायद्याचा प्रश्न आपल्या तालुक्यात सुटणारा नाही, तो मुंबईत आणि दिल्लीत सुटायचा आहे. तिथं प्रश्न विचारणारा माणूस लागतो. केस झाली तर जामीन लागतो, वकील लागतो. परभणीच्या मोर्चाला दहा तालुक्यांतून माणूस आणायचा तर पक्ष लागतो. शहाद्याकडं 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारखे भिल्ल तरुण पुढं आले, सावकारांनी गिळलेल्या जमिनीसाठी मोठा लढा झाला. तिथंही पुढं हाच प्रश्न आला, पक्षात जायचं की बाहेर राहायचं. काही कार्यकर्ते मार्क्सवादी पक्षात गेले, काही गेले नाहीत. म्हणजे पक्षाबाहेर राहिलं म्हणून हा प्रश्न चुकत नाही.

काही म्हातारी माणसं उलटं म्हणतात, ज्यानं आपल्याला आधी मदत केली त्याच्यामागं डोळे झाकून जायचं, मिठाला जागायचं. बाबाहो, मिठाला जागणं चांगलं. पण आपण घेतलेली मदत ही भीक नव्हती. आपणही मतं दिली, चंदा दिला, भाकरी बांधून चार-चार दिवस पायी गेलो. कुणी कुणाचं मीठ खाल्लं याचा हिशेब दोन्हीकडून करायचा असतो.

एक गोष्ट आमच्याबद्दलही सांगून टाकतो, म्हणजे नंतर बाहेरून कळायला नको. आमच्यातल्या बारावीपर्यंत शिकलेल्या पोरांना दोन्ही गटांनी बोलावणं धाडलं होतं. कुणाला तालुका चिटणीस करतो म्हणाले, कुणाला पुढच्या पंचायत समितीचं तिकीट बघू म्हणाले. आम्ही दोन्हीकडं एकच उत्तर दिलं: गावबैठकीत येऊन मागा, गाव देईल त्याला न्या. लिहिता-वाचता येणारं पोर हे गावाचं हत्यार आहे. ते कुणी परस्पर घेऊन गेलं तर गावाच्या हाती काही राहत नाही.

गावबैठकीपुढं ठेवायच्या गोष्टी

आम्ही हुकूम देत नाही. पुढच्या गोष्टी आपापल्या गावबैठकीत ठेवा, कमी-जास्त करा, आणि पटल्या तर ठरवा.

1. पहिली गोष्ट पेटीची. प्रत्येक गावातून दोन माणसं, त्यांत एक बाई, अशी तालुक्याला जातील. दोन्ही गटांच्या माणसांना समोर बोलावून दोन्ही कुलपं उघडायला लावतील. पावत्या गाववार मोजून, यादी करून, ज्याच्या त्याच्या गावी आणतील. त्या दिवशी कुणी कुणाच्या विरुद्ध घोषणा देणार नाही. आपण आपली कागदं आणायला चाललोय, कचेरी ताब्यात घ्यायला नाही.

2. यापुढं मूळ कागद गावातच राहील. वकिलाला, पक्षाला, साहेबाला द्यायची ती नक्कल. कुणाची पावती, कोणत्या सालाची, किती दंडाची, हे एका वहीत उतरवायचं. ती वही एका घरात आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरात.

3. गावबैठक झाल्याशिवाय कुणीही नव्या किंवा जुन्या पावतीबुकावर अंगठा देणार नाही. ज्याला एखाद्या गटाचा विचार मनापासून पटला त्यानं तिकडं जावं, त्याला कुणी फितूर म्हणणार नाही. पण तो एकटा गेला, गाव गेलं नाही, हे त्यानंही मान्य करावं.

4. दोन्ही गटांना एकाच दिवशी, एकाच झाडाखाली बोलवायचं. एक बोलेल तेव्हा दुसरा ऐकेल. दोघांनाही हे विचारायचं: 78 च्या ठरावाप्रमाणे आमचे अर्ज लावायला तुम्ही काय करणार? आतापर्यंत आमच्याकडून गोळा झालेल्या चंद्याचा हिशेब कुठं आहे? तुमच्या कमिटीत जंगलगावातली माणसं किती, बाया किती? आणि तुमचं भांडण मिटलं किंवा उद्या तुम्ही दुसऱ्या पक्षात गेलात, तर आमच्या जमिनीच्या मागणीचं काय होणार?

5. बायांनी बैठकीत मागं बसायचं नाही. जंगलातून मोळी आणताना कुऱ्हाड हिसकावून घेतली जाते ती त्यांची. पावत्या जपल्या त्या त्यांनी. दोन गटांच्या वादात एकाही बाईला कुणी विचारलेलं नाही, आणि आमच्या बघण्यात गावातल्या चुली जोडून ठेवण्याचं कामही त्याच करताहेत.

6. औत सोडवायला, पीक वाचवायला, जामिनाला, सगळं गाव जाईल. तिथं गट विचारायचा नाही. नाकेदारानं विचारलं तर सगळ्यांनी मिळून गावाचं नाव सांगायचं.

दिवस थोडे आहेत. मोहाची फुलं गळायला लागली की आपण सगळे पहाटेपासून जंगलात असतो, पाठोपाठ तेंदूपत्ता येतो, मग बैठकीला माणूस मिळत नाही. आणि मिरगाचा पाऊस पडला की जंगलखातं पेरणी अडवायला येणारच आहे. त्याच्या आधी कागदं घरी आली पाहिजेत आणि गावं एका जागी बसली पाहिजेत. त्यामुळं होळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जमायचं, असं आम्ही सुचवतो. ज्या गावाला दुसरा दिवस सोयीचा असेल त्यानं चार दिवस आधी निरोप धाडावा.

दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांनाही या पत्रकातून आमचा निरोप आहे. हे पत्रक तुमच्यापर्यंत पोचेल हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही भांडा, तत्त्वावर भांडा, उघड भांडा. आम्ही ऐकायला येऊ, आणि आमचं मतही देऊ. पण आमच्या पावत्या ओलीस ठेवून आमचं मत मागू नका. जो आधी आपलं कुलूप काढील त्याच्याबद्दल गावांत चांगलं बोललं जाईल, एवढं आम्ही खात्रीनं सांगतो.

कसेल त्याची जमीन! गावाची एकजूट जिंदाबाद!